महिला गट कशासाठी असतो?

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि अंबाजोगाईकर श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ट्रान्सजेंडर खेळाडू आणि महिलांच्या स्पर्धा’. मला शेवटी जिथं पोचायचंय ते ठिकाण अगदी जवळचं आहे. आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत हा प्रश्न उभा राहिला तर पीटी सरांनी आणि क्रीडा अधिकाऱ्यांनी काय करावं? त्याचा मसुदा लिहून आणलाय. तो वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. या वादात बहुतेक लोक ‘बाई कोणाला म्हणायचं’ इथूनच भांडायला सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. माझं म्हणणं असं की आधी महिलांचा गट कशासाठी काढला ते ठरवा. ते ठरलं की निम्मं भांडण मिटतं.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरू करू. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. तो राष्ट्रीय विक्रम. याच शर्यतीचा महिलांचा जागतिक विक्रम केनियाच्या बीट्रिस चेपकोएचच्या नावावर आहे, २०१८ सालचा, ८ मिनिटं ४४.३२ सेकंद. म्हणजे अविनाश रेषा ओलांडतो तेव्हा जगातल्या आजवरच्या सर्वांत वेगवान बाईला अजून जवळपास दोनशे मीटर, ट्रॅकची अर्धी फेरी, पळायची असते. आणि हे अडथळे वेगळे असताना! पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांचा ७६.२. अडथळे दोघांनाही अठ्ठावीस आणि पाण्यातल्या उड्या सात. आता हा अविनाश ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत अकरावा आला. तेव्हा एकच गट ठेवला तर चेपकोएच अंतिम फेरीत तर सोडाच, पात्रतेच्या यादीतही दिसणार नाही. तिच्या कष्टात काही कमी आहे का? तसूभरही नाही. तिचे कष्ट दिसावेत, मोजले जावेत, त्यांना पदक मिळावं, म्हणून महिलांचा गट आहे.

हा फरक येतो कुठून? दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी एकत्र पळवा, फरक किरकोळ असतो. पुष्कळदा मुलगीच पुढं असते. बारा-तेराव्या वर्षी मुलगा वयात यायला लागतो, वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक भरपूर सुटायला लागतं आणि सतरा-अठरापर्यंत अंतर पडायचं तेवढं पडून जातं. प्रौढ निरोगी पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ७.७ ते २९.४ नॅनोमोल प्रतिलिटर असतं, बाईच्या रक्तात ०.०६ ते १.६८. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार, असलेल्या मुलीचं थोडं वर जातं, पण पुरुषांच्या पट्ट्यात पोचत नाही. आपल्याकडच्या लॅबचा रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये येतो, म्हणून गुणाकार लक्षात ठेवा: एक नॅनोमोल प्रतिलिटर म्हणजे सुमारे २९ नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर. आंतरराष्ट्रीय नियमात २.५ ही मर्यादा वाचली तर आपल्या रिपोर्टवर ती ७२ दिसेल. हे रूपांतर न करता आकडा वाचला आणि पोरीचं नाव गावभर झालं, असा घोळ व्हायला वेळ लागत नाही.

वयात येताना हे संप्रेरक शरीरात काय काय करतं? हाडं लांब आणि जाड होतात, खांदे रुंद होतात, हृदय आणि फुप्फुसं मोठी होतात, हिमोग्लोबिन वाढतं, स्नायू भरतात. प्रत्येक खेळात याचा फायदा वेगळा. धावण्यात दहा ते बारा टक्के. लांब उडीत पुरुषांचा विक्रम ८.९५ मीटर आणि महिलांचा ७.५२, म्हणजे एकोणीस टक्के. वजन उचलण्यात त्याहून जास्त. गोळाफेकीत तर गोळाच वेगळा, ७.२६० किलो आणि ४ किलो.

समोर डाव्या बाजूला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली बसल्यात, त्यांना हे सगळं तोंडपाठ असणार. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शंभर मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर मुलानं साडेअकरा सेकंदांत यायचं, मुलीनं चौदात. ही मुलींवर केलेली मेहेरबानी आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. प्रत्येकीची झेप तिच्या शरीराच्या मापानं मोजलेली आहे. आणि ध्यानात घ्या, हाच प्रश्न या मैदानावर येऊनही गेलाय. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्य सरकारला सांगितलं की पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना अर्ज करता आला पाहिजे आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे नियम तयार करा. म्हणजे हा विषय अमेरिकेतून व्हॉट्सॲपवर आलेला नाही, तो आपल्या भरतीच्या मैदानावर उभा आहे.

इथं एक आडवळण घेतो, पण ते विषयाच्या पोटातलंच आहे. हिमोग्लोबिनचं नाव निघालंच आहे तर सांगतो. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनं कमी असलं की ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात. कोच म्हणतो पोरगी आळशी आहे. पोरगी आळशी नसते, तिच्या रक्तात प्राणवायू वाहायला पुरेसं लोहच नसतं. आई-बाप ऊसतोडीला गेले की घरचं सगळं तिच्या अंगावर, जेवण म्हणजे भाकरी आणि तिखट. महिला खेळाडूंवर अन्याय होतोय याची खरी कळकळ असलेल्या प्रत्येकानं आधी आपल्या अकॅडमीतल्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासावं. तपासणीला फार पैसे लागत नाहीत आणि लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. तीन महिने न चुकता.

आता मूळ मुद्दा. एखादी ट्रान्स महिला, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेली आणि स्त्री म्हणून जगणारी व्यक्ती, औषधं घेऊन टेस्टोस्टेरॉन बाईच्या पातळीवर आणते. मग वयात येताना मिळालेला फायदा जातो का? याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण शरीराच्या एकेका भागाचं उत्तर वेगळं आहे. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बाईच्या पातळीवर उतरतं. स्नायू आणि ताकद मात्र हळू उतरते, बारा महिन्यांत साधारण पाच टक्के. हाडांची लांबी, खांद्याची रुंदी, पंजाचा आकार उतरतच नाही. अमेरिकी हवाई दलातल्या लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२० मध्ये आला. उपचारांपूर्वी ट्रान्स महिला एका मिनिटात इतर बायकांपेक्षा ३१ टक्के जास्त दंड मारत होत्या. दोन वर्षांनी दंडांतला फरक मिटला. दीड मैलाच्या धावेत मात्र त्या तेव्हाही १२ टक्के पुढं होत्या. दुसऱ्या बाजूला २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या पैशातून झालेल्या अभ्यासात ट्रान्स महिला खेळाडूंची मुठीची पकड इतर महिला खेळाडूंपेक्षा जास्त भरली, पण वजनाच्या प्रमाणात त्यांची उडी आणि दमश्वास उलट कमी भरला. मोठं शरीर आणि ते ओढायला लहान इंजिन, अशी त्यांची अडचण होते. न्यूझीलंडची ट्रान्स वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड टोकियो ऑलिम्पिकला ८७ किलोवरील गटात उतरली, तेव्हा जगभर ओरड झाली की ती पदक घेऊन जाणार. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न चुकले आणि ती बाहेर पडली. त्याआधी २०१७ च्या जागतिक स्पर्धेत मात्र तिला रौप्य मिळालं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

नियमही असेच सरकत गेले. २००४ मध्ये ऑलिम्पिक समितीनं शस्त्रक्रिया आणि दोन वर्षं हार्मोन अशी अट घातली. २०१५ मध्ये शस्त्रक्रियेची अट काढली आणि १० नॅनोमोलखाली बारा महिने असं केलं. हे दहा बायकांच्या वरच्या मर्यादेच्या जवळपास सहापट होतं, ते टिकणं शक्यच नव्हतं. २०२१ मध्ये समितीनं सांगितलं की प्रत्येक खेळाच्या संघटनेनं आपलं आपण ठरवावं. २०२० मध्येच रग्बीनं सुरक्षिततेच्या कारणावरून आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांतून ट्रान्स महिलांना थांबवलं होतं. जलतरणानं जून २०२२ मध्ये रेघ ओढली: पुरुषी वयात येण्याची सुरुवात झाल्यावर, म्हणजे टॅनर मोजणीच्या दुसऱ्या टप्प्यानंतर किंवा बारा वर्षांनंतर, यातलं जे उशिराचं असेल त्यानंतर महिला गट बंद. मार्च २०२३ मध्ये ॲथलेटिक्स, जुलैत सायकलिंग, नोव्हेंबरमध्ये क्रिकेट, सगळे त्याच रेघेवर आले. मला ही रेघ शीर्ष पातळीसाठी बरोबर वाटते, कारण ती गटाच्या मूळ हेतूला धरून आहे. रोजच्या आकड्यापेक्षा शरीर कुठल्या वाटेनं घडलं, हे ती बघते.

कुणी म्हणेल, जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे हात लांब होते, तोही निसर्गाचाच फायदा, मग त्याला का नाही थांबवलं? हातांच्या लांबीवर आपण गट केलेले नाहीत म्हणून. कुस्तीत वजनाचे गट केलेत, तर ५७ किलोच्या गटात ७० किलोचा पैलवान चालत नाही, मग तो कितीही गुणी असो. जिथं गट केलाय तिथं गटाची भिंत सांभाळावी लागते.

कबड्डीवाले मघापासून चुळबूळ करतायत, त्यांचा मुद्दा घेतो. संपर्काच्या खेळात फायद्याच्या आधी इजेचा विचार करावा लागतो. पुरुषांचं मैदान १३ बाय १०, महिलांचं १२ बाय ८. वजनमर्यादा पुरुषांना ८५, महिलांना ७५. महिलांच्या साखळीत मधल्या मुलीनं पट काढला आणि चढाई करणारीनं पूर्ण जोरानं धडक दिली, तर गुडघ्यावर येणारा भार वजनाबरोबर वेगानंही वाढतो, आणि वेगानं वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून ‘वजन तर सारखंच आहे की’ हे उत्तर कबड्डीत पुरत नाही. खो-खोत तसं नाही. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ती ज्या खेळातून वर आली त्यात अंगाला अंग लागतं ते फक्त गडी बाद करताना. प्रत्येक खेळाला एकच काठी लावून चालणार नाही, ते या दोन खेळांवरूनच कळतं.

इथवर ऐकून काही जणांना वाटलं असेल, झालं, निकाल लागला, आता चाचण्या सुरू करा. थांबा. मला जे मनापासून सांगायचंय ते इथं सुरू होतं. रेघ ओढणं सोपं आहे. रेघ सांभाळायला कुणाची झडती घ्यायची? गेली साठ वर्षं ही झडती ट्रान्स महिलांची झालेली नाही. ती झाली मुलींची, आणि त्यातही बहुतेक गरीब, खेड्यातल्या, उंच, सपाट छातीच्या, केस कापलेल्या मुलींची.

१९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत महिला खेळाडूंना नग्न करून डॉक्टरांसमोर उभं केलं. लाज वाटली म्हणून १९६८ च्या ऑलिम्पिकपासून गालाच्या आतल्या पेशी खरवडून गुणसूत्रं बघायला लागले. ती चाचणी इतकी ढोबळ होती की पूर्णपणे स्त्री म्हणून वाढलेल्या बायका नापास होऊ लागल्या. स्पेनची अडथळा शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत नापास झाली. तिच्या शरीरात एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांत असतात ती, गुणसूत्रं होती, पण टेस्टोस्टेरॉन तिच्या पेशींना कळतच नव्हतं, म्हणजे पुरुषी फायदा शून्य. तिला दुखापतीचं नाटक करून गुपचूप निघून जा असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत धावली तेव्हा बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, लग्न ठरलं होतं ते मोडलं, विक्रम पुसले गेले. ती लढली आणि १९८८ मध्ये तिला परत घेतलं, तोवर ऐन उमेदीची वर्षं गेली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३३८७ महिलांच्या चाचण्या झाल्या, आठ जणींत एसआरवाय, म्हणजे वाय गुणसूत्रावरचं आणि वृषणं घडवायला सुरुवात करणारं, जनुक सापडलं आणि आठही जणींना खेळू दिलं, कारण नीट तपासल्यावर सात जणींत संप्रेरक न लागण्याची स्थिती निघाली आणि एकीत एका विकराची कमतरता. एवढा खटाटोप करून एकही पुरुष सापडला नाही. १९९९ मध्ये ऑलिम्पिक समितीनं सरसकट चाचणी बंद केली.

आणि बंद केली म्हणजे काय केलं? संशय आला तर तपासा, असं ठेवलं. ते तर त्याहून वाईट. संशय कुणाला येतो? हरलेल्या मुलीच्या कोचला. कुणावर येतो? जी ‘मुलीसारखी’ दिसत नाही तिच्यावर.

तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदरराजन. आई-बाप वीटभट्टीवरचे मजूर. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरला रौप्यपदक. लगेच चाचणी, पदक काढून घेतलं, आणि जे फक्त तिला आणि तिच्या डॉक्टरला माहीत असायला हवं होतं ते साऱ्या देशानं दूरदर्शनवर ऐकलं. काही वर्षांनी ती पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करताना दिसली. तिनं कुणाला फसवलं नव्हतं. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, आणि आपल्या शरीरात काय आहे हे तिला स्वतःलाही त्या स्पर्धेनंतरच कळलं. तिच्या बाजूनं एक वकील उभा करायलाही तेव्हा कुणी आलं नाही.

ओडिशाची द्युती चंद, जाजपूर जिल्ह्यातल्या विणकराची मुलगी. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून, तिला संघातून काढलं. तिला मात्र माणसं भेटली. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादात गेलं, आणि जुलै २०१५ मध्ये लवादानं सांगितलं की नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळं नेमका किती फायदा होतो हे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं सिद्ध केलेलं नाही, तोवर नियम स्थगित. द्युती रिओला धावली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं दोन रौप्यपदकं आणली. संघटनेनं २०१८ मध्ये ४०० मीटर ते एक मैल एवढ्यापुरता नवा नियम आणला, त्यात दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या अडकली. ती लवादात हरली. पण जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानं तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही असं म्हटलं.

याहून वाईट ऐका. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात चार खेळाडूंची माहिती छापली. वय १८ ते २१, विकसनशील देशांतल्या ग्रामीण किंवा डोंगराळ भागातल्या. पोटात वृषणं होती, त्यापासून त्यांच्या तब्येतीला धोका नव्हता, हे डॉक्टरांनी स्वतःच लिहिलंय. तरी ती काढली, आणि सोबत बाह्य अवयवाचाही भाग कापला. खेळायला मिळावं म्हणून. ज्याचा धावण्याशी काडीचा संबंध नाही तो अवयव कापला. वीस वर्षांच्या पोरीला, जिला कागदावरची भाषाही धड येत नसेल, समोर सही करायला कागद ठेवला तर ती काय करणार? आपल्या केज-धारूरची पोरगी तिथं असती तर तिनं काय केलं असतं?

म्हणून सांगतो, दोन प्रश्न एकत्र करू नका. ट्रान्स महिला हा एक प्रश्न. जन्मतः लैंगिक विकासात वेगळेपण असलेली मुलगी हा दुसरा. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाची बॉक्सर इमान खलीफ हिच्या बाबतीत ‘ट्रान्सजेंडर पुरुषानं बाईला मारलं’ असे संदेश आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरले. ती ट्रान्सजेंडर नाही. मुलगी म्हणून जन्माची नोंद, मुलगी म्हणून आयुष्य. तिच्या पात्रतेवर वाद घालता येईल, तो वेगळ्या नियमाचा वाद आहे. पण जे नाही ते तिच्या नावावर खपवणं हा निव्वळ अन्याय आहे.

आता १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं पुन्हा एसआरवाय चाचणी आणलीय, आयुष्यात एकदा, गालाचा स्वॅब किंवा रक्त. ते जनुक १९९० मध्ये शोधणारे शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच याला उघड विरोध केलाय. त्यांचं म्हणणं एवढंच की जनुक आहे हे कळतं, ते काम करतंय का, टेस्टोस्टेरॉन तयार होतंय का, शरीराला ते लागतंय का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय स्वॅब हाताळणारा लॅबमधला पुरुष निष्काळजी राहिला तर त्याच्याच पेशीतलं जनुक नमुन्यात उतरू शकतं. विचार करा, दुसऱ्याच्या हातमोज्याच्या चुकीनं एखादीचं आयुष्य फिरायचं.

कार्यकर्त्यांची चिठ्ठी आलीय, आठ मिनिटं उरलीत. मसुदा भरभर सांगतो.

पहिलं, बारा वर्षांपर्यंत प्रश्नच नाही. पोर ज्या संघात रमतं त्यात खेळू द्या. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत तालुका आणि जिल्हा पातळीवर कुठलीही लिंगचाचणी नाही. आवाज घोगरा आहे, छाती नाही, केस बारीक आहेत, असल्या तक्रारी घ्यायच्याच नाहीत. तक्रार घ्यायची ती वयाची, कारण शालेय खेळातली खरी फसवणूक वयचोरीची आहे.

दुसरं, वयात आलेली ट्रान्स मुलगी तालुक्याला धावायला आली तर परत पाठवू नका. वेळेच्या आणि अंतराच्या खेळात, म्हणजे धावणं, उड्या, फेकीत, तिला त्याच शर्यतीत पळवा, वेळ नोंदवा, प्रमाणपत्र द्या. निकालपत्रकावर तिची नोंद स्वतंत्र रकान्यात घ्या. तिच्यामुळं कुणा मुलीचा क्रमांक किंवा पुढची निवड हलणार नाही. वेगळा खुला गट काढून ते जमत नाही. जलतरणवाल्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्लिनला खुला गट जाहीर केला, एकही नाव आलं नाही. एकट्यानं पोहायला कोण येणार, आणि तेही सगळ्यांच्या नजरा झेलत? कबड्डी, कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंगमध्ये मात्र महिलांच्या लढतीत उतरवू नका. तिथं सराव, पंचगिरी, संघाचं काम यात तिला सामील करून घ्या.

तिसरं, राज्य पातळी आणि वर, जिथं पदकावर पाच टक्के खेळाडू आरक्षणातली नोकरी ठरते, तिथं महिला गट पुरुषी वयात न आलेल्यांसाठी. यात मला शंका नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलीला वर चढायला ती एकच शिडी आहे. हे सांगताना संख्याही सांगतो: अमेरिकी विद्यापीठ क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत सांगितलं की पाच लाख दहा हजार खेळाडूंत ट्रान्सजेंडर दहासुद्धा नसतील. नियम असावा, पण या मूठभर माणसांना राष्ट्राचा शत्रू बनवू नये. बीडमध्ये जन्मलेले माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया महिला क्रिकेटचं दार उघडा असं जाहीरपणे मागतेय. आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेटबाबत माझं उत्तर नाही असंच आहे. पण ती उघड नावानं, आपल्या शरीराचे मोजलेले आकडे घेऊन समोर येते, तिच्याशी बोलताना आदर सोडायचा नाही.

चौथं, ट्रान्स पुरुष. तो टेस्टोस्टेरॉन घेत असेल तर ते औषध बंदीच्या यादीत आहे. नाडाकडून, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, उपचारासाठीची सूट आधी घ्यावी लागते, आणि औषध सुरू झालं की महिला गट संपला. हे आपल्याकडं कुणी सांगत नाही आणि पोरगं विनाकारण उत्तेजक चाचणीत अडकतं.

पाचवं, चाचणी करायचीच असेल तर राष्ट्रीय पातळीवरच, आणि पाच पायऱ्यांनी. संशयावरून एकीची नाही, संघातल्या सगळ्यांची. आधी तिच्या भाषेत, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर समजावून संमती. दोन नमुने, स्त्री कर्मचाऱ्याच्या हातून. जनुक निघालं तर तो निकाल धरायचा नाही, पुढं टेस्टोस्टेरॉन मोजायचं, तेही सकाळच्या नमुन्यावर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीनं, कारण नेहमीची लॅब पद्धत बायकांच्या कमी पातळीवर चुकते. मग संप्रेरक शरीराला लागतं का ते पाहायचं. आणि अंतिम निकाल आधी डॉक्टरांकडून तिला एकटीला. तिला संघाबाहेर राहावं लागलं तर पत्रकात फक्त ‘वैद्यकीय कारण’ एवढंच. फाइल डॉक्टरकडं, संघटनेच्या कपाटात नाही. माहिती फोडणाऱ्यावर गुन्हा.

सहावं आणि शेवटचं, तक्रार लेखी हवी, नावानिशी, अनामत रक्कम भरून, आणि खोटी निघाली तर त्या कोचचा परवाना एक वर्ष बंद. मैदानात ओरडून केलेला आरोप म्हणजे तक्रार नव्हे. असा आरोप कुणी केला तर पंचांनी शर्यत थांबवू नये, ओरडणाऱ्याला मैदानाबाहेर काढावं.

मसुद्याच्या झेरॉक्स बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्यात. शाळांचे पीटी सर आणि मॅडम इथं बरेच दिसतायत, त्यांनी घेऊन जा. दुसऱ्या कलमातला स्वतंत्र रकाना तुमच्या निकालपत्रकात बसतो का, रिले शर्यतीत काय करायचं, हे तुम्हीच सांगू शकाल. रिलेचा पेच मला अजून सुटलेला नाही, प्रश्नोत्तरांना तिथूनच सुरुवात करू.